पोफळीच्या बागेत डास चावतात? आधी फवारणीचा पंप खाली ठेवा

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यापासून नारळ-पोफळीच्या बागेत भर दिवसा डास चावतात. गडी कामाला टिकत नाहीत. कृषी सेवा केंद्रवाला सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक मारा म्हणतो. पंपाला किती मिली घ्यावे? (सावंतवाडी तालुका)

उत्तर : एक मिलीसुद्धा नाही. पावसाळ्यात हा प्रश्न बागायती गावांतून सारखा येतो, आणि बहुतेक ठिकाणी दुकानदाराने बाटली आधीच हातात ठेवलेली असते. शेतीसाठी विकली जाणारी ती बाटली पिकावरच्या किडीसाठी नोंदलेली आहे. लेबलावर पीक, कीड आणि मात्रा छापलेली असते, ती वाचा. बागेतल्या डासांचे नाव त्यात सापडणार नाही. जे लेबलावर नाही ते मारायचे नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला हा एडिस डास. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा हाच. तो फार लांब उडत नाही, साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तुम्हाला चावणारा डास बहुधा तुमच्याच बागेत जन्मलेला असतो. फवारलेत तर उडणारे काही मरतील, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतील आणि आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी अंगावर येईल. तोवर मधमाश्या मेलेल्या असतात, पोफळीवर चढवलेल्या मिरीवर औषध बसलेले असते आणि पाटातून वाहाळात (ओढ्यात) उतरलेल्या सायपरमेथ्रिनने मासे उलटे झालेले असतात. मग दुकानदार सांगतो, ‘मात्रा कमी पडली, दुप्पट घ्या.’ दुप्पट घेऊ नका. दुप्पट मात्रेने अळ्यांचे पाणी सुकत नाही. विष तेवढे फवारणाऱ्याच्या अंगात जास्त जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरू नका. आणि कोणी जुना डायक्लोरव्हॉस काढून देत असेल तर तो घेऊच नका, 2020 अखेरपासून त्यावर देशात बंदी आहे.

आता पाणी कुठे साचते ते बघा. विहीर आणि वाहते पाट सोडा, एडिसला वाटीभर पाणी पुरते. केलड्यांनी (माकडांनी) फोडून टाकलेली शहाळी, उंदरांनी पोखरलेले नारळ, उताण्या पडलेल्या करवंट्या, गळून पडलेल्या पोफळीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाची खोलगट आवरणे). अननस असेल तर पानांच्या बेचक्यात, रबर असेल तर चीक न धरणाऱ्या वाट्यांत. कोळेरोगासाठी (पावसात सुपाऱ्या कुजून गळण्याच्या रोगासाठी) घोसांना बांधलेल्या प्लास्टिक पिशव्यांच्या घड्यांत. आणि सर्वांत जास्त अळ्या कुठे सापडतात? बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकासाठी) आणून ठेवलेल्या, फवारणी झाल्यावर विसरलेल्या उघड्या पिंपात.

आठवड्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा दिवस धरलात तर विसरणार नाही. त्या दिवशी कोयता घेऊन बाग फिरा. शहाळी आणि नारळ दोन फाका करून पालथे टाका, विऱ्या चिरून खतखड्ड्यात घाला, पिंप रिते करून आतून काथ्याने घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तगतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणून घासायचे. दहा दिवसांनी, पंधरा दिवसांनी फेरी मारलीत तर श्रम वाया. आठवड्याला म्हणजे आठवड्यालाच.

माझा खास आग्रह सोडणांबद्दल, म्हणजे नारळावरच्या काथ्याच्या सालींबद्दल आहे. नारळाची सोडणे वाया घालवू नका आणि ढीग करूनही ठेवू नका. पाऊस ओसरायच्या आत माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून फूटभर जागा सोडून, दोन मीटरच्या त्रिज्येत पसरा. एका माडाला 250 ते 300 सोडणे लागतात. पोकळ बाजू जमिनीकडे, फुगीर बाजू वर. असे आच्छादन ओल धरते, तण दाबते आणि थेंबभर पाणी साचू देत नाही. उताणी टाकलीत तर डासांसाठी तीनशे वाट्या मांडून ठेवल्यात. (मातीखाली चरात पुरायची असतील तर पोकळ बाजू वर चालते, तिथे डास पोहोचत नाही.)

आळ्यात किंवा पिंपात जळके इंजिन ऑइल ओतायला सांगणारेही भेटतात. माती खराब होते, करू नका.

प्रश्न : काम करताना अंगाला काय लावावे? दुकानातून 10000 पीपीएमचे निमतेल आणले आहे. (दोडामार्ग तालुका)

उत्तर : ते परत करा. अझाडिरेक्टिनच्या (निंबोळीतल्या कीडनाशक घटकाच्या) त्या बाटलीत तेल पाण्यात मिसळवणारी रसायने असतात, ती पानावर मारायची आहे, कातडीवर चोळायची नाही. औषधाच्या दुकानातून डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम घ्या. फक्त उघड्या अंगाला लावा. जखमेवर, डोळ्यांजवळ, कपड्यांच्या आत नको. घामाने उतरते, म्हणून लेबलावर लिहिलेल्या वेळेने पुन्हा लावा. थर वाढवून परिणाम वाढत नाही. जेवणाआधी आणि घरी गेल्यावर साबणाने धुवा.

त्याआधी कपडे. पूर्ण बाह्यांचा सैल, फिकट रंगाचा सदरा आणि पायजमा मोज्यांत खोचलेला. काळा टी-शर्ट नको, गडद रंगाकडे हा डास ओढला जातो. सूर्य उगवल्यानंतरचे दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास तो सर्वांत जोरात असतो; दाट सावलीतले काम त्या वेळा टाळून लावा. गवती चहा, झेंडू नुसते लावून डास जात नाहीत. सोडणांची धुरी थोडा वेळ आराम देते, पण तीत प्लास्टिक किंवा औषधांचे रिकामे डबे कधीही टाकू नका.

तुमच्या भागात माकडतापही आहे. तो डासाने नव्हे, गोचिडीने होतो. काजू गोळा करायला रानात जाताना आरोग्य खात्याचे गोचीड दूर ठेवणारे तेल लावा आणि परतल्यावर अंग तपासा. ताप आला तर रक्त तपासल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्राव वाढतो.

प्रश्न : जीवामृताचे (शेण-गोमूत्राच्या द्रव खताचे) पिंप आणि सिमेंटची टाकी रिकामी करता येत नाही. मग? (कुडाळ तालुका)

उत्तर : पिंपाच्या तोंडाला दाट सुती कापड ताणून दोरीने बांधा, ढवळून झाले की लगेच पुन्हा बांधा. टाकीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. वाहाळात किंवा नदीत मात्र सोडू नका. टेमीफॉस हे अळीनाशक आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच टाकून घ्या, स्वतः मापू नका. झाडांची आळी तुडुंब भरण्याऐवजी ठिबक केलेत तर साचणे थांबेल. त्यासाठी केंद्राच्या योजनेचे अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के आहे, वर राज्याची पूरक रक्कम. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर, पूर्वसंमती आल्यावरच खरेदी.