चिरेबंदी घराची ओल: चुना की सिमेंट?

प्रश्न: गोव्यात पर्वरी येथील आमच्या जुन्या चिरेबंदी घराचा गिलावा पावसाळ्यात ओल धरून सुटतो. सिमेंटचा नवा गिलावा करावा का? वायरिंगही जुनेच आहे.

उत्तर: सिमेंटचा गिलावा कृपया करू नये. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी शोषतो आणि कोरड्या महिन्यांत ते हवेत सोडतो. चुन्याचा गिलावा ही वाफ बाहेर जाऊ देतो, तर सिमेंटचा घट्ट थर ती आतच कोंडतो, आणि मग क्षार साचून गिलाव्याबरोबर चिऱ्याचा पृष्ठभागही झडू लागतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात हा फरक फार मोठा आहे. त्याआधी ओलीचे मूळ मात्र शोधावे: फुटलेली मंगळुरी कौले, तुंबलेली पन्हळ, किंवा अंगणाची पातळी वाढल्याने जोत्याशी साचणारे पाणी. माझ्या मते पुष्कळदा एवढी दुरुस्तीच पुरते. सुटलेला गिलावा पावसाळा सरल्यावर काढावा, भिंत नीट सुकू द्यावी आणि शेवटी चुन्याचाच गिलावा करावा.

वायरिंग गिलाव्याआधीच पूर्ण बदलावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवावा. ओल्या भिंतीतील जुनी वायर जिवावर बेतू शकते, म्हणून या कामात काटकसर करू नये.