पशुखाद्यातली गाय शोधताना

अगं, पशुखाद्यात गाईचं मांस-हाड मिसळलंय का हे तपासताना, पीसीआरकडे (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो ओळखायची चाचणी) वळण्याआधी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघ. हाडाचा कण तिथे दिसेल, पण तो गाईचा की डुकराचा, हे डीएनएच सांगेल. युरोपीय नियमाप्रमाणे मांस-हाडांची भुकटी १३३ अंशांवर, ३ बार दाबाखाली २० मिनिटं शिजते. डीएनएचे पार तुकडे होतात. म्हणून आखूड तुकडाच शोधायचा, तोही मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला), कारण त्याच्या प्रती पेशीत भरपूर.

आणि गाय सापडली म्हणून लगेच अहवाल लिहू नकोस! वासरांच्या खाद्यात दूध पावडर असते, तिच्यातही गाईचाच डीएनए. मी एकदा इथेच फसलो होतो. घटकांची यादी आधी मागव.

दळणयंत्र दर नमुन्यानंतर उघडून पूस. जाळीच्या कडेला चिकटलेली चिमूटभर धूळ पुढचा स्वच्छ नमुना बिघडवते. कोरा नमुना, म्हणजे ज्यात गाईचा डीएनए नाहीच असा, प्रत्येक खेपेला लावच.