बँकेत अर्थतज्ज्ञ व्हायचं असेल तर ऊसबिलापासून सुरुवात कर

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तू निपाणीची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलीस, आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेस. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं की टीव्हीवर बँकांच्या मुख्य अर्थतज्ज्ञांना बोलावतात, तसं काम तुला करायचं आहे. घरचे म्हणतात आधी पीओची, म्हणजे बँकेत अधिकारी म्हणून लागायची, परीक्षा दे. आणि व्याजदर कुठे जाणार हे या लोकांना आधी कळतं तरी कसं, हे तुला पडलेलं कोडं. माझी सगळी नोकरी मुंबईत एका बँकेच्या संशोधन विभागात, ट्रेझरीच्या, म्हणजे बँकेचे रोखे आणि डॉलर यांचे व्यवहार करणाऱ्या विभागाच्या, शेजारी बसून झाली. आता बेळगावच्या शहापुरात घरी असतो, सवड आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी ते कोडं. आधी कळत कोणालाच नाही. बँक अर्थतज्ज्ञाला पगार देते तो मांडणीसाठी. दर अमुक ठिकाणी जाईल, कारण ही तीन, आणि यातलं हे कारण ढासळलं तर माझं मत बदलेल, असं तारखेसह लिहून देणं हे त्याचं काम. टीव्हीवर दिसतो तो यातला अगदी छोटा तुकडा. बाकीचा दिवस आत जातो. बँकेकडे हजारो कोटींचे सरकारी रोखे असतात, बाजारातले दर चढले की त्या जुन्या रोख्यांची किंमत पडते, म्हणून ट्रेझरीवाल्यांना रोज सकाळी काहीतरी ठाम ऐकायचं असतं. मालमत्ता-दायित्व समितीत, म्हणजे ‘अल्को’त, ठेवींचा दर वाढवायचा की थांबायचं यावर खल चालतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्याची निर्यातीची ऑर्डर असते, त्याला विचारायचं असतं की सहा महिन्यांनी येणारे डॉलर आजच ठरलेल्या भावाने, म्हणजे फॉरवर्डमध्ये, विकून टाकू का. या तिघांना तीन वेगळ्या भाषेत एकच मत समजावता आलं पाहिजे.

या पेशातल्या मोठ्या माणसाचं एक उदाहरण देतो, कारण त्याच्याकडून पद्धत शिकता येते. हेन्री कॉफमन. १९२७ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्म, दहा वर्षांचा असताना नाझींच्या भीतीने घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. शिकला न्यूयॉर्कमध्ये, सुरुवातीला तिथल्याच एका बँकेच्या कर्जविभागात काम केलं, मग न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ झाला, आणि १९६२ मध्ये सॉलोमन ब्रदर्स या रोखेबाजारातल्या बड्या पेढीत गेला. तिथे तो दरवर्षी एक प्रचंड ताळेबंद मांडायचा. येत्या वर्षात सरकार किती कर्ज काढणार, कंपन्या किती, घरं घेणारे किती, आणि समोरच्या बाजूला पैसे पुरवणार कोण: बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंड, परदेशी. दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. मागणी जास्त आणि पुरवठा कमी दिसला तर व्याजदर वर जाणार. महागाई भडकलेल्या सत्तरच्या दशकात त्याचा हिशेब सतत एकच उत्तर देत राहिला, दर अजून वाढणार. तो तसं सांगत राहिला आणि तसं होत राहिलं. लोकांनी त्याला ‘डॉक्टर डूम’, म्हणजे अनर्थ सांगणारा डॉक्टर, असं नाव ठेवलं.

मग १७ ऑगस्ट १९८२ उजाडला. त्या सकाळी त्याचं टिपण बाहेर पडलं की मी मत बदललं आहे, दर आता खाली येतील. अर्थव्यवस्था सावरत नव्हती, महागाईचा जोर ओसरत होता, त्याच्या ताळेबंदातली कर्जाची बाजू हलकी होत चालली होती. त्या एका दिवसात डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक ३८.८१ अंकांनी चढला, तोपर्यंतची एका दिवसातली ती सर्वांत मोठी उडी होती. लोक ती उडी लक्षात ठेवतात. मला त्याच्याआधीची वीस वर्षं जास्त मोलाची वाटतात. वर्षानुवर्षं तोच ताळेबंद, तेच रकाने, तीच शिस्त. म्हणूनच त्याने मत फिरवलं तेव्हा बाजाराने त्याच्यावर विश्वास टाकला. रोज वारा बघून बोलणाऱ्याने तेच सांगितलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

आपल्याकडचं ताजं उदाहरण जून २०२५ चं. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा जण, तीन बँकेचे आणि तीन बाहेरचे. बाहेरच्यांपैकी सौगत भट्टाचार्य हे अॅक्सिस बँकेचे माजी मुख्य अर्थतज्ज्ञ, ऑक्टोबर २०२४ मध्ये समितीवर आले. त्या बैठकीआधी बहुतेक अंदाज पाव टक्का कपातीचे होते. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने मात्र अर्ध्या टक्क्याचं भाकीत लेखी दिलं होतं. निघाला अर्धाच टक्का, रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने पैसे देते तो दर, ६ वरून ५.५० वर आला. पण मतदान पाच विरुद्ध एक असं झालं, आणि पाव टक्क्याच्या बाजूने एकटे राहिले ते भट्टाचार्य. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होतं, त्यात प्रत्येक सदस्याचं मत आणि कारणं नावानिशी छापलेली असतात. ते इतिवृत्त बसून वाच. एकाच आकडेवारीवरून सहा शहाणी माणसं कुठे एकमत होतात आणि कुठे फाटे फुटतात हे पानापानावर दिसतं, आणि फुकट मिळतं. माझ्या मते कुठल्याही महागड्या कोर्सपेक्षा हे मोठं शिक्षण आहे.

आता तुझ्या दाराशी येतो. आपल्या भागात बसून हे शिकता येणार नाही असं तू लिहिलं आहेस, त्याच्याशी मी मुळीच सहमत नाही. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींचं आंदोलन झालं ते तुझ्याच गावात. भाव कोण ठरवतं हा प्रश्न निपाणीच्या पोरीला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

ऊस घे. चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, बेळगाव जिल्ह्यातला हा सगळा पट्टा उसावर चालतो. एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा केंद्राने ठरवलेला किमान भाव, आणि उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर. २०१८-१९ ला एफआरपी होती क्विंटलला २७५ रुपये, १० टक्के उताऱ्याला. २०२५-२६ ला ती ३५५ झाली, १०.२५ टक्के उताऱ्याला. दुसरीकडे साखरेची किमान विक्री किंमत केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केली, आणि २०२५ चा गाळप हंगाम सुरू झाला तेव्हाही ती ३१ च होती. आता कागद घे. एक टन ऊस, १०.२५ उतारा, साखर निघते १०२.५ किलो. ३१ ने गुणलं तर ३,१७७ रुपये ५० पैसे. त्याच उसाची कारखान्याच्या दारातली एफआरपी ३,५५० रुपये. म्हणजे सगळी साखर किमान भावाने विकली तर उसाचेच पैसे फिटत नाहीत, मजुरी आणि व्याज तर पुढची गोष्ट. बाजारभाव या ३१ च्या वर असतो म्हणून गाडं चालतं, शिवाय सहवीज आणि इथेनॉलचा हातभार. पण ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली आणि आठवडाभरात ती थोडी सैल केली, तेव्हा त्या आधारावर प्रकल्पकर्ज दिलेल्या बँकांची काय धांदल उडाली असेल याचा विचार कर. असा धोका आधी लिहून ठेवणं हे अर्थतज्ज्ञाचं काम.

पुढची साखळी बघ. कारखाना गोदामातल्या पोत्यांवर बँकेकडून मालतारण कर्ज उचलतो आणि त्यातून ऊसबिलं देतो. साखर घसरली की पोत्याचं मूल्यांकन कमी होतं, कारखाना शॉर्ट मार्जिनमध्ये जातो, म्हणजे तारण कर्जापुढे अपुरं पडतं, आणि बँक हात आखडते. ऊसबिल लांबतं, मग सोसायटीचं पीककर्ज थकतं, बाजारपेठेत ट्रॅक्टर आणि मोटरसायकलची विक्री मंदावते, सोनेतारणाच्या रांगा वाढतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसला शेतकरी टनाला ३,५०० मागत रस्त्यावर बसले आणि राज्य सरकारला मध्ये पडून ३,३०० चा तोडगा काढावा लागला, त्यामागे हाच हिशेब होता. कॉफमनने एका देशाचा ताळेबंद मांडला. तू एका तालुक्याचा मांड: पैसा कुठून येतो, कोणत्या महिन्यात येतो, कोणाकडे जातो. मुलाखतीत असा एक कागद समोर ठेवणारी मुलगी मला भेटली असती तर मी पुढचा उमेदवार बघितला नसता.

शिक्षणाचं पटकन सांगतो. नुसत्या बी.कॉम.वर या विभागात प्रवेश जवळपास नाही, अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी हवीच. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट (१९३० ची, धनंजयराव गाडगीळांनी घडवलेली, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याशी जोडलेले तेच गाडगीळ), मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. सगळीकडे प्रवेश परीक्षा, सगळीकडे गणित. कलन, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र यांना आत्तापासून रोज वेळ दे. इंग्रजीची भीती वर्षभरात जाते, गणिताची राहिली तर ती करिअरभर छळते. नंतर रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी ग्रेड बी अधिकाऱ्यांची वेगळी भरती असते, सरकारी बँकाही अधूनमधून इकॉनॉमिस्ट पदाची थेट जाहिरात काढतात.

पीओचं विचारलंस. प्रवेश परीक्षेत चांगलं यश आलं तर सरळ शिकायला जा. घरची परिस्थिती अडत असेल तर पीओ हो आणि मनात कमीपणा ठेवू नकोस. शाखेत बसून कर्जाचे अर्ज वाचलेला माणूस आणि फक्त आकडेवारीच्या फाइली उघडलेला माणूस यांच्या टिपणांतला फरक मला दोन परिच्छेदांत कळायचा. मात्र नोकरी करता करता पदव्युत्तर गणिती अर्थशास्त्र करणं फार जड जातं, हे घरी स्पष्ट सांग.

मराठी माध्यमाचं ओझं घेऊ नकोस, आणि कन्नड वाचता येत असेल तर ती तुझी जास्तीची पुंजी आहे. कर्नाटकातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव ‘कृषी माराट वाहिनी’वर मिळतात, महाराष्ट्रातले तिकडच्या पणन मंडळाकडे. सीमेच्या दोन्ही बाजूंचे भाव मुळातून वाचणारे संशोधक मुंबईतल्या कार्यालयांत मी फार कमी पाहिले.

या भावांचा उपयोग कुठे, तेही सांगतो. जून २०२३ ला किरकोळ महागाई होती ४.८७ टक्के, जुलैला ती ७.४४ वर गेली. बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरीच वर, आणि मुख्य कारण टोमॅटो. २०१२ आधारवर्षाच्या त्या निर्देशांकात टोमॅटोचं वजन फक्त ०.५७ टक्के, पण भावच कित्येक पटींनी चढला तर तेवढं वजनही आख्खा आकडा उचलतं. बेळगावच्या भाजी मार्केटमधून गोव्याला गाड्या भरणाऱ्या अडत्याला हे सरकारी आकडा येण्याच्या कितीतरी आधी दिसत होतं.

तेव्हा एक वही घाल. दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमाराला महागाईचा आकडा येतो, त्याच्या दोन दिवस आधी तुझा आकडा लिही, खाली तीन कारणं लिही, तारीख टाक. खरा आकडा आला की एकूण किती चुकलं यापेक्षा कोणत्या गटात चुकलं ते शोध: भाजीपाला, डाळी, तेल, इंधन, घरभाडं. रिझर्व्ह बँक २००७ पासून व्यावसायिक अंदाजकर्त्यांचं सर्वेक्षण घेते आणि त्याचे निकाल प्रसिद्ध करते, तुझा अंदाज त्याच्या शेजारी मांडून बघ. सुरुवातीचे काही महिने फक्त खाद्यपदार्थांचा गट घे, त्याचा हात बसल्याशिवाय बाकीच्या गटांकडे वळू नकोस.