नेमकी शाळेला सुट्टी

ताई,
माझं वय 43. सांगलीत राहते. एका मेसला चपात्या लाटून देते, सकाळ-संध्याकाळ मिळून रोजच्या दोनशे. मला दहावी व्हायचंय. नववीच्या सहामाहीनंतर माझं लग्न ठरलं आणि शाळा सुटली. वडिलांना दोष देत नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं. वर्गात मी पहिल्या पाचात असायचे. लेकीनं सतरा नंबरच्या फॉर्मची, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायच्या अर्जाची, माहिती काढून दिली. मिस्टरही म्हणतात, कर की, तुला कोण अडवतंय! याला तीन वर्षं झाली. पुस्तकं आणली, वह्यांना कव्हरं घातली, टेबल घेतलं. अभ्यासाला बसलं की झोप येते, नाहीतर कुणीतरी येतं. बीजगणिताची भीती वाटते. शाळेचा दाखलाही आणायचा राहिलाय. शाळा भावाच्या घराच्या वाटेवरच आहे, राखीला, भाऊबीजेला, यात्रेला जाणं होतं, पण आम्ही जातो तेव्हा नेमकी शाळेला सुट्टी असते. फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेचा व्हिडिओ पाहिला आणि माझीच मला लाज वाटली. माझा हा आळस कसा जाईल?
— एक आळशी, सांगली

नेमकी?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. झोप, पाहुणे, बीजगणित हे सगळं वाचून पुढं गेले आणि दोन्ही वेळा त्या एका शब्दापाशी अडले. राखीला गेलात, शाळा बंद. भाऊबीजेला तर दिवाळीचीच सुट्टी. यात्रेला अख्ख्या गावाला सुट्टी. वर्षाला तीन, म्हणजे तीन वर्षांत नऊ खेपा, आणि नऊच्या नऊ वेळा फाटकाला कुलूप. भावाला एकदा फोन करून शाळा कधी उघडी असते हे विचारता आलं असतं. शाळेत शिपाई असतो, त्याला निरोप ठेवता आला असता. यातलं काही झालं नाही. माझा अंदाज सांगते, रागावू नका. एसटीच्या खिडकीतून ते कुलूप दिसलं की तुम्हाला हायसं वाटतं.

तेव्हा आळसाचं नाव काढू नका. पहाटे उठून शंभर चपात्या लाटायच्या आणि संध्याकाळी परत शंभर, हे आळशी माणसाचं काम नव्हे. पुस्तकं आणली, टेबल आणलं, वह्यांना कव्हरं घातली. जे जे बाजारात मिळतं ते सगळं तुम्ही आणलंत. फक्त एक कागद आणला नाहीत, आणि तो पैसे टाकून मिळत नाही. फॉर्म त्याच कागदावाचून अडलाय. पाचवी पास असलेल्या बाईला सतरा नंबरच्या फॉर्मवर दहावीला बसता येतं, तुमची तर आठवी झालेली आहे. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तोही मूळ. दाखला पूर्वीच कुणी नेऊन हरवला असेल तर दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. लेकीनं माहिती काढली म्हणता, म्हणजे हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी पत्रात दाखला आला कुठे? बीजगणिताच्या मागून, ‘दाखलाही राहिलाय’ म्हणून. जिथं दुखतं तिथला उल्लेख माणूस असाच जाता जाता करतो.

मी शाळेच्या दाखल्यांत बरीच वर्षं घालवली आहेत, आमच्या घरात तीन मास्तर. त्या दाखल्यावर जन्मतारीख असते, अंकात आणि अक्षरात. प्रगती असते, वर्तणूक असते. आणि खाली एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्या रकान्यात ‘लग्न’ असं लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. कोण लिहील? मुलीचं लग्नाचं वय 1978 पासून अठरा आहे. नववीतल्या पोरीच्या नावापुढं हेडमास्तर लग्न लिहीत नाहीत. ते लिहितात, ‘पालकांच्या विनंतीवरून’. नाहीतर लिहितात, ‘सतत गैरहजर’.

पहिल्या पाचातल्या मुलीच्या नावापुढं ‘सतत गैरहजर’. हेच वाचायचं नाहीये ना तुम्हाला?

वडिलांना दोष देत नाही म्हणता. नका देऊ, तुमचा प्रश्न. मी मात्र त्यांची बाजू घेणार नाही. सगळीकडे तसंच होतं हे खरं, आणि सगळीकडेच ते कायद्याच्या विरुद्ध होतं हेही खरं. पण त्यांना मोकळं करताना तुम्ही तो दोष कुठे ठेवलात बघा. पत्राखाली सही केलीय, ‘एक आळशी’. शाळा सुटली तेव्हाही तुमचंच चुकलं, आता दहावी होत नाही तरी तुमचंच चुकतंय. वर आता फांगण्याच्या आजींची लाज. मुरबाड तालुक्यातली ती शाळा 2016 च्या महिलादिनी सुरू झाली, साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटीवर अक्षरं गिरवायला बसल्या. छान आहे. पण त्यांना आपल्या जुन्या शाळेच्या कचेरीत जाऊन स्वतःचं नाव शोधायचं नव्हतं. तुम्हाला आहे. व्हिडिओ बंद करा.

माझ्याकडे आईची एक ट्रंक आहे. ती गेल्यापासून सहा वर्षं मी ती उघडलेली नाही. कुणी विचारलं तर सांगते, किल्ली सापडत नाही. किल्ली देव्हाऱ्याच्या खणात आहे. म्हणून तुमची सुट्टी मला लगेच ओळखू आली.

आता अहो-जाहो पुरे.

ऐक. येत्या बुधवारी चपात्या बंद. रविवारी नाही, रविवारी शाळेला नेमकी सुट्टी असते! मेसवाल्याला आजच सांग, बुधवारी बाहेरून मागवा. एक दिवस पोरं पाव-भाजी खातील, कुणी मरत नाही. सांगताना दवाखान्याचं कारण देऊ नकोस. दाखला आणायला चाललेय म्हणून सांग. मिस्टरांना ‘कोण अडवतंय’ म्हणायची हौस आहे ना, तर बुधवारचा स्वयंपाक त्यांच्याकडे. त्यांना बरोबर नेऊ नकोस. लेकीलाही नको. ती तुझ्या वतीनं बोलेल आणि तू व्हरांड्यात उभी राहशील.

सकाळची एसटी धर, बायकांना अर्धंच तिकीट आहे. भावाच्या घराआधी शाळेपाशी उतर. आधी वहिनीकडे चहाला गेलीस की जेवण होईल, जेवण झालं की पाच वाजतील. हातात आधार कार्ड, लग्नाची नोंद झाली असेल तर तो कागद, आणि कोणत्या साली कोणत्या वर्गात होतीस ते एका चिठ्ठीवर. क्लार्क विशीतला-तिशीतला कुणीतरी असेल, तू शाळा सोडलीस तेव्हा तो जन्मलेलाही नसेल किंवा रांगत असेल. तुझ्याकडे बघायला त्याला वेळ नसेल. तो जुनं जनरल रजिस्टर काढायला कुरकुर करेल, ‘उद्या या’ म्हणेल. उद्या यायचं नाही. बाकावर बसून राहायचं. रजिस्टरात तू आहेस.

दाखला हातात आला की तो रकाना तिथंच वाच, गाडीत नाही. ‘गैरहजर’ लिहिलं असेल तर रडू येईल. येऊ दे, शाळेच्या आवारात हापसा असतो, तोंड धू. मग भावाकडे जा आणि पोटभर जेव. त्यानं विचारलं कशाला आली होतीस, तर कागद दाखव. बीजगणिताचं नंतर बघू, मला पुन्हा पत्र लिही, त्या विषयात मीही दोनदा आपटले आहे.

आणि दाखल्यासाठीचा अर्ज घरूनच लिहून ने, तिथं कागद-पेन शोधत बसलीस तर धीर सुटेल. ‘मा. मुख्याध्यापक यांस’ पासून सुरुवात, दोन ओळी पुरेत. खाली नाव लिहिताना हात सवयीनं सासरचं आडनाव लिहील. ते कंसात. आधी रजिस्टरातलं लिही.