वजन कमी आलं तर येऊ द्या, रेंज खरी लिहा

तुम्ही विचारलंय की ३ ग्रॅम क्रूड, म्हणजे अशुद्ध, बेंझोइक ॲसिड २०० मिली पाण्यातून रिक्रिस्टलाइज केलं (गरम पाण्यात विरघळवून, गार करून पुन्हा स्फटिक काढले), हाती १.९ ग्रॅम आलं, मेल्टिंग पॉइंट ११६ ते १२० अंश मिळाला आणि पुस्तकात १२२ आहे. तर जर्नलमध्ये काय लिहू, आणि वजन एवढं कमी का?

११६ ते १२० लिहा, म्हणजे वितळायला लागल्यापासून पूर्ण वितळेपर्यंतची अख्खी रेंज. बाकीचं नंतर.

टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, प्रॅक्टिकल परीक्षेत मला ॲसिटॅनिलाइड बनवायला आलं होतं. त्यासाठी ५ मिली ॲनिलीन दिलं होतं, म्हणजे कणन् कण हाती लागला तरी ७.४ ग्रॅमच्या वर जाणं शक्यच नाही. माझा क्रूड माल तपकिरी निघाला. पाण्यात उकळायला घेतला तर तळाशी तेलाचे थेंब जमले. आमच्या लॅबमध्ये पक्की समजूत होती की हे तेल म्हणजे घाण, ती गाळून टाकायची. तसं अजिबात नाही. ते ॲसिटॅनिलाइडच असतं. कोरडं असताना ते ११४ ला वितळतं, पण पाण्यात असलं की ८३ च्या पुढेच तेल होऊन तळाशी बसतं. मी उकळतं पाणी थोडं थोडं घालत गेले, शेवटचा थेंब दिसेनासा होईपर्यंत. बर्नर बाजूला केला, उकळी बसू दिली आणि मग तपकिरी रंग शोषायला चिमूटभर कोळसा टाकला. उकळत्यात टाकला असता तर सगळं उतू गेलं असतं. फनेल तापवून घेतलं होतं तरी नळीत स्फटिक धरलेच, तेही उकळत्या पाण्याने खाली उतरवले. बीकर झाकून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने आत चकचकीत पांढरे पापुद्रे हलताना दिसले. ते दृश्य मला आजही लख्ख आठवतं.

पहिल्या वेळी रेंज १०९ ते ११२ आली. वेळ होता, म्हणून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा ११३ ते ११४. वजन ४.१ ग्रॅम.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने बीकर थेट बर्फात घातला, दोन मिनिटं पंपावर पाणी ओढून काढलं आणि ओलाच माल तराजूवर ठेवला. ७.९ ग्रॅम! जेवढं बनूच शकत नाही त्याहून अर्धा ग्रॅम जास्त. कॅपिलरी, म्हणजे माल भरून तापवत मेल्टिंग पॉइंट बघायची बारीक काचेची नळी, त्याने लावलीही नव्हती, पाठ असलेला ११४ लिहून मोकळा झाला. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, दोघांच्या पुड्या हातात घेतल्या, आकडे वाचले आणि मला म्हणाले, "निम्मा माल सांडलास का? आणि रेंज कशाला, एक आकडा लिही." गुण त्याला जास्त मिळाले. त्या मुलावर माझा राग नाही. वजनावर गुण द्यायची ही पद्धत मात्र मला तेव्हाही चुकीची वाटली आणि आजही वाटते. गेली १९ वर्षं मी औषधांच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, आहे. माल ओला असेल तर वजन खोटं भरतं, म्हणून आम्ही सॅम्पल वाळवून किती घट येते ते मोजतो. परीक्षेत मात्र त्याच पाण्याला गुण मिळाले.

आता तुमचं. वजन गेलं ते बरंचसं पाण्यात गेलं. बेंझोइक ॲसिड गार पाण्यात १०० मिलीला ०.३४ ग्रॅम विरघळलेलं राहतं, म्हणजे २०० मिलीत जवळजवळ ०.७ ग्रॅम तुम्ही गाळणीखाली सोडून दिलं. उकळत्या १०० मिलीत ते ५-६ ग्रॅम मावतं. ३ ग्रॅमला ६० मिली लागलं असतं, गरम गाळताना नळीत धरू नये म्हणून फार तर ७५ घ्या. धुवायलाही बर्फासारखं गार पाणी घ्यायचं, तेही थोडंच.

रेंज रुंद आहे आणि खाली आहे, म्हणजे माल एक तर ओला आहे किंवा अजून अशुद्ध. आधी फिल्टर पेपरात दाबून रात्रभर वाळू द्या. घाईने तापत्या ओव्हनमध्ये ठेवू नका, बेंझोइक ॲसिड उडून जातं. कॅपिलरीत दोन-तीन मिलिमीटरच भरा, ठोकून घट्ट बसवा. १०० पर्यंत भरभर न्या, पुढे मिनिटाला एक-दोन अंशच. भिंगातून बघा: पावडर आधी काचेपासून सुटते, आकसते, ओलसर दिसते. हे अजून वितळणं नाही. पहिला थेंब दिसला तिथून शेवटचा कण वितळेपर्यंत ती तुमची रेंज. सोबत बाटलीतल्या शुद्ध बेंझोइक ॲसिडची दुसरी कॅपिलरी त्याच थर्मामीटरला बांधा. तीही १२० लाच गेली तर थर्मामीटर चुकतोय. ती १२२ ला झटकन गेली आणि तुमची रेंगाळली, तर पुन्हा रिक्रिस्टलाइज करा.

एक सांगायचं राहिलं. रेंज अरुंद आली म्हणजे माल शुद्धच, असंही धरून चालू नका. दोन पदार्थ ठरावीक प्रमाणात मिसळलेले असतील तर तेही एका तापमानाला झटकन वितळतात. मालात न विरघळणारा मिठाचा किंवा कोळशाचा कण मेल्टिंग पॉइंट खाली आणतच नाही. आणि आकडा जुळला म्हणून पदार्थ तोच, असंही नाही. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड दोन्ही १३३ च्या आसपास वितळतात, एकत्र घोटून लावा, कितीतरी खाली येतात. ओळख पटवायची तर असं मिसळूनच बघायचं.

तुमचे सर एकच आकडा लिहायला सांगतील. तेव्हा भरलेली एक जादा कॅपिलरी जवळ ठेवा, त्यांच्यासमोर लावा आणि भिंग त्यांच्याच हातात द्या. माझ्याकडे त्या दिवशी अशी एक भरलेली होती. मी ती पुढे केली नाही.