वाचक विचारतात : पत्त्यांना नेमकं काय विचारायचं?

प्रश्न : मैत्रिणीने टॅरोचा डेक (भविष्य बघायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा जोड) दिला. रोज सकाळी एक पत्ता काढते आणि मोबाईलवर अर्थ बघते. एक ॲप शुभ म्हणतं, दुसरं अशुभ. मला गावात शिलाईचं दुकान टाकायचं आहे. ‘दुकान चालेल का?’ याचं उत्तर तीन वेळा तीन तऱ्हेचं आलं. कोणतं धरू? (ता. दारव्हा)

ताई, तिन्ही सोडा. दुकान चालेल की नाही हे पुठ्ठ्याच्या तुकड्याला ठाऊक नसतं. दुकानाबद्दल तुमच्या मनात काय चाललंय, ते मात्र चित्र बघता बघता बाहेर येतं. म्हणून प्रश्न फिरवा. ‘चालेल का’ऐवजी ‘दुकान टाकताना मला धास्ती कशाची आहे?’ असं विचारा. ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात संपतं, तो प्रश्न इथे कामाचा नाही.

वेळ पंधरा मिनिटं पुरे. पत्ते ७८ आणि आकाराने मोठे, त्यामुळे रमीसारखे पिसणं जड जातं. चादरीवर पालथे पसरा, दोन्ही हातांनी कालवा, गोळा करा आणि एक उचला. चित्र उलटं, डोकं खाली असं आलं तर पत्ता सुलटा करून घ्या. उलट्या पत्त्यांचे वेगळे अर्थ सुरुवातीला नुसता गोंधळ वाढवतात. मोबाईल लांब ठेवून दोन मिनिटं फक्त चित्र बघा. मग वहीत तारीख आणि प्रश्न लिहून खाली तीन गोष्टी लिहा : चित्रात काय दिसतं, नजर कुठे अडकली, आणि आज मी काय करणार.

पहिली ओळ लिहिताना बहुतेकांची गफलत होते. ‘निराशा दिसते’ असं लिहितात. निराशा चित्रात नसते, माणूस असतो. पेंटॅकल्सची, म्हणजे नाण्यांच्या पत्त्यांतली, सत्ती घ्या. एक शेतकरी अवजाराच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा आहे, झुडपाला नाणी लागली आहेत, एक नाणं पायाशी आहे. ज्याची पऱ्हाटी पावसात गेली तो म्हणेल, ‘एवढं राबून हातात इतकंच.’ वेचणीच्या तोंडावर असलेला म्हणेल, ‘आता थोडंच थांबायचं आहे.’ चित्र तेच, हंगाम ज्याचा त्याचा. तुमची नजर पायाशी पडलेल्या त्या एका नाण्यावर अडकली आणि उधारी आठवली, तर तिसरी ओळ आपोआप सुचेल : मागच्या दिवाळीत किती ब्लाऊज शिवले, अस्तर-दोऱ्याला किती गेले, कोणाकडे किती थकले, याचा आज हिशेब मांडायचा. तो मांडून होईपर्यंत त्याच प्रश्नावर दुसरा पत्ता काढू नका. मनासारखा येईपर्यंत काढत राहणं हीच सगळ्यात मोठी खोड, आणि तुमच्या तीन उत्तरांचं मूळही तेच. ॲप बघायचंच असेल तर वही लिहून झाल्यावर बघा.

प्रश्न : दहा-अकरा दिवसांत तेरा नंबरचा, मृत्यूचा पत्ता दोनदा आला. सासूबाईंनी पाहिला. आता म्हणतात, हे घरात नको. (ता. मोर्शी)

आधी गणित. रोज ७८ मधून एक पत्ता काढला तर अकरा दिवसांत कोणता ना कोणता पत्ता दोनदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कप्सची (पेल्यांची) तिर्री दोनदा आली असती तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं.

दुसरं, हे पत्ते कुठल्या देवाचे किंवा करणीचे नाहीत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळायला निघाले. भविष्य सांगायची प्रथा त्यांना अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटली. आज बहुतेकांच्या हाती असतात ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली आणि तो डेक १९०९ मध्ये लंडनला छापला गेला. त्यातल्या तेराव्या पत्त्यावर पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा आहे, हे खरं. पण मागे दोन बुरुजांमध्ये सूर्यही आहे. पत्त्याचा रूढ अर्थ ‘एक गोष्ट संपते आहे’ एवढाच.

सासूबाईंशी वाद घालू नका. दुपारी निवांत असतील तेव्हा सगळे पत्ते समोर पसरा आणि त्यांनाच आवडेल तो उचलायला सांगा. तरी मन घेत नसेल तर तेरावा काढून ठेवा. आत्मपरीक्षण ७७ पत्त्यांतही होतं.

प्रश्न : टॅरो घ्यावं की ओरॅकल? (ता. आर्वी)

टॅरोचा साचा ठरलेला असतो : २२ मेजर अर्काना (मृत्यू, सूर्य अशा नावांचे मोठे पत्ते), ५६ मायनर (रमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत वाटलेले). ओरॅकल हा चित्रपत्त्यांचा दुसरा प्रकार, त्यात पत्ते किती आणि कशाचे, हे डेक बनवणारा ठरवतो. ओरॅकल सोपं, पण पत्त्यावर ‘विश्वास ठेव’ असं गोडगोड छापलेलं असतं आणि आपण विचार करायच्या आधीच ते वाचून मोकळे होतो. त्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवून आधी चित्र बघा.

आमचं मत विचाराल तर विकत घेण्याआधी घरीच करा. ए-फोर आकाराच्या कार्डशीटमधून ७ बाय १२ सेंटिमीटरचे सहा पत्ते निघतात, चार शीटमध्ये चोवीस. विहीर, बंडी, कुलूप, रिकामी कणगी, शाळेची घंटा, अशी चित्रं काढा किंवा वर्तमानपत्रातली चिकटवा. लग्नपत्रिका कापून करू नका. प्रत्येकीची पाठ वेगळी, पत्ता पालथाही ओळखू येतो. खळ पातळ लावा, नाहीतर पत्ते वाकतात.

प्रश्न : बोंडअळीने कापूस गेला, कर्ज आहे, झोप लागत नाही. फोनवरच्या एका टॅरोवाल्याने माझा स्वभाव अगदी बरोबर सांगितला. आता बाधा काढायला ५,१०० रुपये मागतो. (ता. पुसद)

भाऊ, पैसे पाठवू नका. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभाववर्णनाचा एकच मजकूर दिला, प्रत्येकाला ‘हा खास तुझा’ म्हणून. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. ‘तुम्ही सगळ्यांसाठी करता, पण कदर होत नाही’ हे कोणाला पटणार नाही? पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

बोंडअळीचा प्रश्न कृषी विज्ञान केंद्राचा, कर्जाचा बँकेचा. झोप उडाली असताना पत्ते हातात घेऊच नका. त्या अवस्थेत प्रत्येक चित्र काळंच दिसतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आजच लावा, आणि घरातल्या एकाला तरी कर्जाचा आकडा किती आहे ते सांगून टाका.