पाच आठवड्यांची पिल्लं ब्रूडरमधून (बल्बची ऊब दिलेल्या खोक्यातून) काढून रात्री गुपचूप मोठ्या कोंबड्यांत सोडली तर चालतं का?

नाही चालत. आणि हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते आमच्या थोरल्या भाऊजींचे कोणीतरी लागत असणार.

आम्ही गोराईला राहतो, घरामागे वाडी आहे. तीन वर्षांपूर्वी मी बारा गावठी पिल्लं फ्रिजच्या खोक्यात बल्बखाली वाढवली. पाचव्या आठवड्यात अंगावर पिसं भरली, बल्ब बंद केला तरी एकमेकांना चिकटून बसेनात. म्हणून खुराड्यालगत जाळीचा कप्पा करायला घेतला. भाऊजी म्हणाले, "कोंबडीचे कसले लाड? रात्री आत ठेव, सकाळी त्यांना कळणारसुद्धा नाही." आमच्या यांनीही मान डोलावली. मी गप्प बसले, ती माझी चूक.

सकाळी दार उघडलं तर दोन पिल्लं मेलेली. तिसरं पाण्याच्या पिंपामागे तोंड खुपसून उभं. उचललं तर डोक्यावरची कातडी मागे सोलून मानेवर आलेली आणि पिल्लू ओरडतही नव्हतं. हळद भरली, वर जांभळं औषध लावलं, कारण लाल दिसलं की बाकीची तिथेच टोचतात. जगलं ते. डोक्यावर पिसं मात्र पुन्हा आली नाहीत.

रात्रीची युक्ती खोटी नाही, पण ती बरोबरीच्या कोंबड्यांची. अंधारात कोंबडीला दिसत नाही म्हणून भांडण होत नाही, एवढंच. उजाडलं की कोण वर, कोण खाली हे ठरतंच. बरोबरीची कोंबडी दोन चोची खाते, दोन देते. पिल्लू काय देणार? कोंबडा सहसा वाटेला जात नाही. जास्त मारते ती कळपात सगळ्यांचा मार खाणारी. आमच्याकडची काळी तशीच होती.

त्यामुळे आठवडे मोजू नका, आकार बघा. तुमची पिल्लं बाहेर काढा, पण वेगळ्या जाळीत. दोन आठवडे एकमेकांना नुसती दिसू देत. मग संध्याकाळी तासभर एकत्र सोडायची, दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, आणि जाळीला फक्त पिल्लू जाईल एवढं भोक ठेवायचं, म्हणजे पळायला जागा राहते. रात्री एका खुराड्यात आकार भरल्यावरच, म्हणजे साधारण अडीच-तीन महिन्यांची झाल्यावर. मी हे पुढच्या खेपेला केलं, एकही गेलं नाही. भाऊजींना तेव्हा बोलावून दाखवलं होतं.

हो, अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. सगळ्यांनाच वाढीचं खाद्य घाला आणि मोठ्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा. आणि पावसाळा तोंडावर असेल तर जपा. ओल्या जमिनीवर सोडाल तर रक्ती हगवण लागेल, मोठ्यांना सहसा काही होत नाही पण त्यांच्या विष्ठेतून ती पिल्लांना लागते. खाली अंथरायला भाताचा कोरडा तूस नसेल तर थांबा. पिल्लं खुडूक कोंबडीने स्वतः उबवली असतील तर यातलं बरंच सोडून द्या, आईच बघून घेते.

भाऊजी अजून म्हणतात, त्या रात्री मुंगूस आलं होतं. मुंगूस मान धरतं, भाऊजी. आणि दाराची कडी मी स्वतः लावली होती.